गृहपाठातले गृह

‘गृहपाठ’ हा शब्द आपल्या शाळांतून इतका रुळला आहे की, त्यात दोन शब्द आहेत याचे भान फारसे कोणास राहत नाही. पाठ कसा असावा, याची चर्चा विद्वानांनी पुष्कळ केली. गृह कसे आहे, याची चौकशी त्या मानाने थोडी झाली. तिसरीतल्या मुलास आठवड्याचा अभ्यास दिला जातो : पाच गणिते, दहा ओळी शुद्धलेखन, शनिवारी पाढे म्हणून दाखवावयाचे. त्या मुलाच्या घरी बसावयास जागा आहे काय, दिवा आहे काय, चूक दाखविणारे मोठे माणूस आहे काय, आणि असल्यास ते त्या वेळी घरी असते काय? या चार प्रश्नांचा इतिहास आम्ही येथे मांडणार आहोत. शाळांच्या दप्तरात तो क्वचित सापडतो. कारखान्यांचे कायदे, चाळींचे नकाशे आणि पाळ्यांचे तक्ते यांत मात्र तो जागोजाग विखुरलेला आहे. आमचा वावर या दुसऱ्या प्रकारच्या कागदांत अधिक, म्हणून तिकडूनच आरंभ करावा असे प्रथम वाटले होते. परंतु पंतोजीला वगळून पुढे जाता येत नाही.

पंतोजीच्या शाळेला स्वतःची इमारत बहुधा नसे. १८२० ते १८३० या दशकात मुंबई इलाख्यातील देशी शाळांच्या ज्या पाहण्या कंपनी सरकारने करविल्या, त्यांचे कागद पुढे रा. वि. परुळेकर यांनी संपादून प्रसिद्ध केले. शाळा कोठे देवळात, कोठे कोणा गृहस्थाच्या पडवीत, तर कोठे पंतोजीच्या राहत्या घरीच भरे, असे त्यांतून दिसते. मूल धूळपाटीवर काडीने अक्षर गिरवी, मोठी मुले धाकट्यांस शिकवीत आणि उजळणी सगळे एका सुरात म्हणत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अशी ती शिडी चढत जाई. घरी करावयाचा पाठ लेखी नव्हताच. कागद महाग, आणि धूळपाटीवरचे अक्षर दुसरे अक्षर येताच पुसले जावयाचे. घरी चालावयाचा तो परवचा. दिवेलागण झाली, हातपाय धुतले, की मुले देवापुढे बसून पाढे, तिथी, वार, महिने, नक्षत्रे म्हणावयाची आणि घरातले कोणी म्हातारे माणूस माळ ओढता ओढता ऐकावयाचे.

या परवच्याचे एक वैशिष्ट्य आम्हांस महत्त्वाचे वाटते. त्याला तेल जवळजवळ लागत नसे, आणि ऐकणाऱ्यास लिहितावाचता येण्याची गरज नसे. वर्षानुवर्षे ऐकून ऐकून निरक्षर आजीच्या कानात सतराचा पाढा बसलेला असे. नातू सतरा आठा चुकला की ती जात्यावरून हात न काढता त्याला टोकू शके. परवचा तपासण्यास कान पुरे होता. पुढे जो लेखी गृहपाठ आला, त्यास डोळा लागू लागला, तोही अक्षर ओळखणारा. आणि आजी एका दिवसात परीक्षक म्हणून बाद झाली. या बदलाची कोठे नोंद झाली नाही, तरी घरोघरच्या शिक्षणातली ही मोठी उलथापालथ होती.

यावरून जुने दिवस सोन्याचे होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्या पडवीत मुली जवळजवळ नसत, आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलांना पायरी चढण्याचीच बंदी होती. पंतोजीची छडी तर लोककथेत जाऊन बसली आहे. शिवाय परवच्याचा सूर गावातल्या ठरावीक आळ्यांतूनच उठे. बाकीच्या आळ्यांतही घरी शिक्षण चाले, पण त्यास शिक्षण म्हणत नसत. कोष्ट्याचे पोर कांड्या भरता भरता ताणाबाणा शिके, कुंभाराचे माती मळता मळता चाकाचा वेग ओळखू लागे, आणि माळ्याच्या पोरीला मोटेचे पाणी कोणत्या वाफ्यात किती वेळ राहू द्यावे हे न सांगता कळे. घर हे दोन्हीकडे शाळाच होते. इंग्रजी अमलात सरकारी शाळा निघाल्या, छापील क्रमिक पुस्तके आली, तपासणीस डिपोटी येऊ लागले, तेव्हा पहिल्या प्रकारच्या घरात जे शिकवले जाई तेवढेच जमेस धरले गेले. दुसऱ्या घराची पाटी कोरी ठरली.

ही विषमता ज्याने सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट बोलून दाखविली, तो पुरुष जोतीराव फुले. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या या जोडप्याने १८५५ साली शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा चालविली, ही गोष्ट पुष्कळदा नुसती तारीख म्हणून सांगितली जाते. तिच्यातला विचार असा होता की, ज्याचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा आहे, त्याच्यासाठी शाळेनेच आपली वेळ बदलली पाहिजे. ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण काही प्रमाणात सक्तीचे करावे अशी मागणी केली. त्याबरोबरच कुणब्याची मुले गुरे राखण्यास आणि शेतकामास लागतात म्हणून शाळेत येत नाहीत, त्यांना ओढून आणावयाचे तर शिष्यवृत्त्या व बक्षिसे दिली पाहिजेत, असेही सांगितले. मोडी व बाळबोध वाचन, लेखन, हिशेब आणि शेतीची प्राथमिक माहिती हा त्यांचा अभ्यासक्रम. मुलाच्या घरात काय आहे हे पाहून आखलेला असा अभ्यासक्रम त्या काळच्या कागदांत आमच्या तरी दुसरा पाहण्यात नाही.

जोतीराव पुण्यात हे लिहीत होते, त्याच सुमारास मुंबईत गिरण्यांचे भोंगे वाजू लागले होते. येथे मुलांच्या प्रश्नाला दुसरेच वळण लागले. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलास कामावर घेण्यास मनाई केली. म्हणजे सातव्या वर्षी, जेव्हा मूल दुसरीच्या वर्गात बसावे, तेव्हा ते दिवसाचे नऊ तास गिरणीत राबू शकत होते, तेही कायद्याने. १८९१ मध्ये हे वय नऊ झाले आणि मुलांचे तास सात झाले. १९११ मध्ये कापड गिरण्यांतील मुलांसाठी सहा तासांची मर्यादा आली. १९२२ मध्ये किमान वय बारा ठरले आणि १९४८ च्या कायद्याने ते चौदा झाले. सातापासून चौदापर्यंत हा सात वर्षांचा प्रवास करावयास कायद्याला सदुसष्ट वर्षे लागली. आमच्या नव्या कार्यकर्त्यांस आम्ही हे आकडे पाठ करावयास सांगतो. आमचा परवचा म्हणा हवा तर.

पण मुलाचे तास हा निम्मा हिशेब झाला. उरलेला निम्मा त्याच्या आईबापांच्या तासांचा आहे. १९११ चा कायदा होईपर्यंत प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांना मर्यादाच नव्हती, आणि त्या कायद्याने कापड गिरण्यांत जी आली ती बारा तासांची. १९२२ मध्ये दिवसाला अकरा, १९३४ मध्ये दहा आणि १९४८ मध्ये नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून रविवारच्या सुट्टीसाठी सभा आणि अर्ज यांचा जो धडाका लावला, त्यास १८९० मध्ये यश आले. त्या सुट्टीचा इतिहास आम्ही नेहमी विश्रांतीच्या अंगाने सांगतो. परंतु बाप आणि मूल उजेडात एकमेकांसमोर बसू शकतील असा आठवड्यातला तो पहिला दिवस होता, हेही सांगावयास हवे.

बसावयाचे कोठे, हा पुढचा प्रश्न. मुंबईच्या गिरणी कामगारांची बहुसंख्य कुटुंबे एका खोलीत राहत. १९२० नंतरच्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे ज्या चाळी बांधल्या, त्यांना लोक अद्यापि बी. डी. डी. चाळी म्हणतात. त्यांतली खोली सुमारे एकशे साठ चौरस फुटांची. त्यात चूल, मोरी, अंथरुणे, गावाकडून आलेला पाहुणा आणि बाळंतीण. याखेरीज गाळ्यातून राहणारी एकटी पुरुषमंडळी होतीच, त्यांची मुले कोकणात किंवा घाटावर, आणि त्यांचा गृहपाठ पोस्टकार्डावर : “चि. बाळास अभ्यास करीत जा म्हणून सांगणे.” तेही बहुधा दुसऱ्याकडून लिहवून घेतलेले.

अशा खोलीत अभ्यास कसा होई, याचे एक उदाहरण सर्वपरिचित आहे, पण त्याचा अर्थ नीट लावला जात नाही. रामजी सुभेदार परळच्या चाळीत एका खोलीत कुटुंबासह राहत असता भीमरावांचे एल्फिन्स्टन हायस्कुलातले शिक्षण चालू होते. चरित्रकार सांगतात की, मुलगा लवकर निजे, बाप मध्यरात्र उलटेपर्यंत जागा राही, आणि दोनच्या सुमारास मुलाला उठवून स्वतः त्याच जागेवर आडवा होई. खोलीत जाते होते, शेळी होती. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला. ही कथा सांगून ‘पाहा, इच्छा असली की जागेचे काही अडत नाही’ असे मुलांस बजावणारे गुरुजी आम्ही अनेक पाहिले. आम्हांस तीत उलटे दिसते. तेथे दोन गोष्टी होत्या, ज्या शेजारच्या खोल्यांत नव्हत्या. एक, बाप साक्षर होता, नुसता साक्षर नव्हे तर पलटणीच्या शाळेत शिक्षक राहिलेला. दुसरी, निवृत्त असल्यामुळे रात्रीची झोप मोडून ती मुलाला देणे त्याच्या हातात होते. ज्याला पहाटे भोंग्याबरोबर साच्यासमोर उभे राहावयाचे आहे, तो रात्री दोनपर्यंत कोणत्या जोरावर जागेल? एका असामान्य बापाच्या जागरणावर साऱ्या चाळीचा नियम बसविता येत नाही.

सक्तीच्या शिक्षणाची चळवळ याच वर्षांतली. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. गोखल्यांचे १९११ चे विधेयक नापास झाले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचा हुकूम काढला आणि मूल न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ चा कायदा झाला. मुंबई शहरात ही सक्ती १९२५ मध्ये प्रथम एफ आणि जी या दोन वॉर्डांत आली, म्हणजे परळ, लालबाग, वरळी या आमच्या गिरणगावातच. शाळेचे दार उघडले, हे निःसंशय मोठे काम झाले. पण शाळेबरोबर दप्तर आले, आणि दप्तराबरोबर तिन्हीसांजेचे लेखी काम त्या एकशे साठ फुटांत शिरले.

पुढे गिरण्यांत रात्रपाळी पक्की झाली, तशी खोलीची घडी आणखी विसकटली. तिसऱ्या पाळीचा बाप दिवसा निजलेला. त्यामुळे शाळेतून आलेल्या पोराला मोठ्याने वाचण्याची बंदी. दुसऱ्या पाळीचा बाप मूल शाळेतून येण्याच्या सुमारास डबा घेऊन बाहेर पडावयाचा आणि मध्यरात्री परतावयाचा. पाळी बदलेपर्यंत दोघांची गाठ निजलेल्या अवस्थेतच. मग पोरे गॅलरीत बसत, जिन्याच्या पायरीवर बसत, व्यायामशाळेच्या ओट्यावर, नाही तर रस्त्याच्या दिव्याखाली बसत. वरळीत एका रस्त्याला लोकांनी ‘अभ्यास गल्ली’ असे नावच दिले. तेथे बसणारे बहुतेक कॉलेजातले किंवा स्पर्धा-परीक्षेचे. सात-आठ वर्षांच्या पोराला रात्री रस्त्यावर कोण बसू देणार? लहान मुलाचा गृहपाठ शेवटी शेजारच्या खोलीतल्या एखाद्या सातवी पास ताईच्या गळ्यात पडे. चाळीतल्या या तायांनी फुकट जितके शिकविले, त्याचा हिशेब कोणत्याही सरकारी अहवालात आला नाही. ती ताई पुढे सासरी गेली की तो मजला पोरका होई.

ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापून कामगार वस्तीत रात्रशाळा, वाचनालये आणि फिरती ग्रंथालये चालविली. हेच जोशी १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणीत होते. एकच मनुष्य दोन्हीकडे दिसतो हा योगायोग नव्हे. बापाला अक्षर येणे आणि बापाला वेळ असणे या दोन मागण्या एकाच घरातल्या. नारायण सुर्वे यांचेच पाहा. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी आणलेले पोर. गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, आणि त्यानंतर परीक्षा देऊन महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. लोक त्यांना कवी म्हणून ओळखतात. आम्हांस त्यांच्यातला तो मास्तर जवळचा वाटतो, कारण पोराची वही कोरी का आली, हे त्याला विचारावे लागत नसणार.

१९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेचाही येथे उल्लेख केला पाहिजे. तीत गावेच्या गावे साक्षर करण्याचा चंग बांधला गेला, आणि प्रौढ स्त्रिया कंदील घेऊन वर्गाला जाऊ लागल्या. तिकडे ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, बोर्डीस आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी अंगणात शाळा भरविली आणि गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा नेली. मुलाने शाळेचे काम घरी न्यावे, हा सर्वत्र चालणारा नियम. या दोघी बायांनी तो फिरवून शाळाच मुलाच्या कामाच्या जागी उभी केली. जोतीरावांच्या गुराख्याला उत्तर मिळण्यास इतकी वर्षे जावी लागली.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. कामगार चळवळीत ‘घरी नेलेले काम’ या शब्दाला एक कडवट अर्थ आहे. विडीचा मालक पाने आणि तंबाखू बाईच्या घरी देतो. जागा तिची, दिवा तिचा, मदतीला पोरे तिची; आणि तयार माल मोजताना नापास म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे नुकसानही तिचेच. कारखान्याचा खर्च असा घरावर ढकलला जातो. घरी बसून काम करणारीसुद्धा कामगारच आहे, हे कायद्याने मान्य करून घेण्यास १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा यावा लागला. शाळेचा गृहपाठ याच जातीचा आहे, असे म्हटले की शिक्षक मंडळी आमच्यावर रागावतात. त्यांचा राग आम्ही समजू शकतो, कारण साठ मुलांच्या वर्गात जे करून होत नाही ते त्यांना कोठे तरी टाकावेच लागते. पण हिशेब तोच राहतो. वर्गात न झालेले काम घरी गेले, त्याला जागा, दिवा आणि माणूस घराने पुरविला, आणि तपासणीत जे नापास झाले त्याचा मार मुलाने खाल्ला. शिक्षणहक्क कायदा २००९ मध्ये झाला, तेव्हा कोठे तो मार कायद्याने बंद झाला.

घरकामगार बायांच्या बैठका आम्ही रात्री नऊनंतर घेतो. त्याआधी त्यांची चार घरे संपत नाहीत. बैठकीस येताना कित्येकींच्या हाती पोराची वही असते. दिवसभर दुसऱ्याच्या मुलाचे दप्तर भरून, त्याला बसपर्यंत पोचवून आलेली ही बाई आपल्या मुलाच्या वहीत बाईंनी लाल शाईने काय लिहिले आहे, हे आमच्याकडून वाचून घेते. बहुधा एकच वाक्य असते : ‘पालकांनी लक्ष द्यावे.’

गृहपाठाविषयी सरकारदरबारी शहाणपण अगदीच आले नाही असे नव्हे. १९८९ मध्ये लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेत दप्तराच्या ओझ्यावर भाषण केले. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ च्या अहवालात प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊच नये, दिलाच तर घरच्या परिसराचा शोध घेण्यापुरता द्यावा, असे स्पष्ट सुचविले. आजीचा परवचा आणि कोष्ट्याच्या पोराच्या कांड्या यांना पुन्हा दार उघडणारी ही सूचना होती. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, आणि तिसरी ते पाचवीस आठवड्याला फार तर दोन तास, असे प्रमाण घातले गेले. मुलाच्या घरच्या कामाला तासांची मर्यादा लागली हे पाहून आम्हां संघटनावाल्यांस जो आनंद झाला, तो इतरांस कदाचित कळणार नाही.

मात्र त्याच वर्षी मार्चमध्ये महामारीने शाळांना कुलुपे लागली आणि सगळी शाळाच गृहपाठ होऊन बसली. धडे मोबाइलवर येऊ लागले. घरात मोबाइल एक, तोही बापाच्या खिशात; टाळेबंदी सैल झाली की तो कामावर जावयाचा, त्याच्याबरोबर शाळाही. जागा, दिवा, माणूस आणि वेळ यांत पाचवा प्रश्न भरीस पडला. त्या काळात सोलापुरातल्या नीलमनगर या कामगार वस्तीत शिक्षकांनी वेगळी वाट काढली. घरांच्या बाहेरच्या भिंतींवर त्यांनी मुळाक्षरे, पाढे, गणिते, व्याकरणाचे नियम रंगवून टाकले. मुले अंतर राखून गल्लीतून हिंडत आणि या भिंतीवरून त्या भिंतीवर जात शिकत. खोलीत जागा नव्हती, ती खोलीच्या पाठीला सापडली. पाणी भरावयास निघालेली बाई जाता येता तेच पाढे पाहत असे, हे निराळे सांगावयास नको.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाच्या दिवसाची मर्यादा नवावरून बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम राहतील आणि जादा कामास कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगण्यात आले. बारा हा आकडा आमच्या परिचयाचा आहे. १९११ च्या कायद्यात तो होता. सकाळी सातच्या पाळीला गेलेली बाई बारा तास भरून, बस धरून, वाटेत भाजी घेऊन साडेआठला घरी पोचते. तिसरीतले मूल तोपर्यंत वही उशाशी घेऊन निजलेले असते.